समुद्र पाहिलेली बाई

बाबा समुद्राच्या विरोधात होते. त्यांनी तो कधी पाहिला नव्हता, त्यामुळे त्यांचं मत अगदी पक्कं होतं.

“समुद्रात का हाय?” ते विचारत. “पानीच नं? अना थेबी खारं. पेता येत नाही, धानाले देता येत नाही. असं पानी पाहाले इतक्या दूर कायले जाचं?”

बाबांच्या जगात कुठल्याही पाण्याची एकच परीक्षा होती: ते धानाला चालतं का. त्या परीक्षेत समुद्र नापास झाला होता आणि फेरपरीक्षेची सोय नव्हती.

आईला मात्र समुद्र पाहायचा होता. तिचं माहेर वैनगंगेच्या काठावर, पवनीच्या अलीकडे. लहानपणी घाटावर कपडे धुताना ती आपल्या बापाला विचारायची की हे एवढं पाणी जाते कुठं, आणि तो “समुद्रात” एवढं सांगून मोकळा व्हायचा. मग लग्न झालं, मी झाले, धाकटा भाऊ झाला, तरी ते तिच्या डोक्यातून गेलं नाही. तिला तीर्थयात्रा नको होत्या, सोन्याच्या पाटल्या नको होत्या. “मराच्या आंधी एक डाव पाहाचा हाय,” एवढंच म्हणायची. तेव्हा ती तिशीत होती. पण आमच्याकडे बायका मरणाचा हवाला दिल्याशिवाय काही मागत नसत.

आम्ही जवाहरनगरला फॅक्टरीच्या क्वार्टरात राहत होतो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. बाबा फिटर होते. केंद्र सरकारची नोकरी, पक्कं घर, नळाला पाणी, भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं. शिवाय दर काही वर्षांनी सरकारच्या खर्चानं सहकुटुंब देशात कुठंही फिरून यायची सवलत. तिला सगळे एलटीसी म्हणत. कॉलनीतले लोक ती सवलत घेऊन पुरीला जात, गोव्याला जात, कोणी कोणी तर थेट कन्याकुमारी गाठत. आम्ही जात नसू, कारण फिरायला रजा लागते आणि बाबांची रजा धान खाऊन टाकत असे.

सरकारची अशी समजूत होती की बाबा फॅक्टरीत नोकरी करतात आणि सुट्टीत आराम करतात. वस्तुस्थिती अशी होती की बाबा शेती करत आणि मधल्या रिकाम्या वेळात फॅक्टरीत जाऊन येत. रोवण्याला रजा, निंदणाला रजा, कापणीला रजा, धान चुरायला, म्हणजे मळणीला, रजा. गावाकडे काका होते, बांधावर उभं राहायला ते पुरेसे होते, पण आपण बांधावर नसलो तर धान मुद्दामच नीट पिकत नाही असा बाबांचा संशय होता. वर्ष संपायला आलं की रजेच्या खात्यात दोनचार दिवस उरत. त्या उरलेल्या दिवसांवर आमचं पर्यटन चाले.

मे महिन्यात बाबा सकाळी सकाळी घोषणा करत, “चला, समुद्रावर!” म्हणजे मामाच्या गावी.

मामाच्या गावाशी उन्हाळ्यात वैनगंगा आटून दोन धारांची होई आणि मधे रेतीचं लांबच लांब बेट उघडं पडे. एक धार ओलांडली की बेट, बेटाच्या पलीकडे दुसरी धार. बाबांचं म्हणणं असं की इकडून पाणी, तिकडून पाणी, मधे रेती, अजून समुद्राला काय शेपूट असते का?  आई पिशव्या भरायला लागे.

भंडाऱ्याहून एसटी अड्याळला यायची आणि तिथं बाजाराचा दिवस असला की अर्धा बाजार आमच्या मांडीवर येऊन बसे. कोंबड्या, कांद्याची पोती, एखादी नवीकोरी खाट. पुढे फाट्यावर मामा बैलबंडी घेऊन उभा. मामा हा पृथ्वीवरचा एकमेव माणूस होता जो आमची वाट पाहत असे, आणि तोही आल्या आल्या बाबांना विचारी, “भाटवा, यंदा किती दिवस?” उत्तर ऐकून हसे. दुसऱ्या दिवशी पहाटेच बंडीत भांडी, रोडग्यांचं पीठ, वांगी, गोवऱ्या आणि आम्ही असे सगळे भरून तो धारेतून बेटावर न्यायचा. पळसाच्या फांद्या रोवून मांडव घालायचा. झालं आमचं हॉटेल.

तिथं करमणुकीचे कार्यक्रम भरगच्च होते. पहिला कार्यक्रम म्हणजे झरा खोदणं. नदीचं वाहतं पाणी कोणी पीत नसे. धारेपासून थोडं दूर रेतीत हातानं खड्डा करायचा, आधी गढूळ पाणी येतं ते वाटीनं उपसून टाकायचं, पुन्हा उपसायचं, आणि मग तळाशी हळूहळू जे साठतं ते प्यायचं. गार आणि गोड. आई यात पटाईत होती. तिचा झरा सगळ्यात आधी निवळे, आणि तिच्या झऱ्यावर दुसऱ्यानं वाटी घातलेली तिला चालत नसे.

दुसरा कार्यक्रम दुपारचा. दुपारी रेती तव्यासारखी तापे आणि मांडवातून डांगरवाडीपर्यंत, म्हणजे खरबुजांच्या वाडीपर्यंत, अनवाणी पळत जायचं, ही आमची मर्दुमकी. बेटाच्या टोकाला वेल लावलेले असत. वाडीवाला डांगर फोडून आमच्या पुढ्यात टाके आणि आम्ही कोपरापर्यंत रस गाळत खात असू. तळपायाला फोड आले की आई त्यावर ओली रेती थापायची, त्यानं फोड बरे होत नसत, पण आम्ही गप्प बसत असू.

बाकी मग पाण्यात डुंबणं, पायावर ओली रेती थापून घरं करणं, शिंपल्या वेचणं. मामा जाळं टाकून चार झिंगे आणि एक चप्पल काढायचा. गोवऱ्यांवर रोडगे भाजले जात आणि त्यात रेती इतकी असे की जेवताना कोणी बोलत नसे, सगळ्यांच्या दातांचा आवाजच बोलायचा. बाबा या सगळ्यात ट्रान्झिस्टर छातीवर ठेवून मांडवात पडलेले असत. मधूनच एक डोळा उघडून आईला विचारत, “कसा हाय समुद्र?”

“बरा हाय,” आई म्हणायची आणि झरा उपसत बसायची. मला त्या वयातही कळत होतं की तो बरा नाही.

कॉलनीत एक प्रथा होती. एलटीसीवरून परत आलेल्या घरानं शेजारपाजारच्या बायकांना बोलवायचं, प्रसाद वाटायचा, आणलेल्या वस्तू दाखवायच्या आणि प्रवासाचं वर्णन करायचं. त्याला कोणी नाव ठेवलं नव्हतं, पण हजेरी सक्तीची होती. एका वर्षी बाबांच्या सेक्शनच्या साहेबांचं कुटुंब पुरीहून आलं होतं. साहेबीणबाई मूळच्या शहरातल्या. त्यांनी खाजा वाटला, मग परडीतून शंख फिरवले, प्रत्येकीनं तो कानाला लावून “हो, येतो आवाज” म्हणायचं होतं. आईनं दोनदा लावला.

“काय तो समुद्र! सांगायला शब्दच नाहीत,” साहेबीणबाई म्हणाल्या आणि दिवेलागणीपर्यंत सांगत राहिल्या. शेवटी थकल्या तेव्हा सगळ्यांकडे नजर फिरवत आईवर थांबल्या. “आणि तुम्ही हो? तुम्ही नाही कुठं जात? दरवर्षी आपलं ते गावच का?”

त्यांनी वाईट हेतूनं विचारलं नव्हतं. त्यांना वाईट हेतूची गरजच पडत नसे.

“आमी बी गेलतो नं समुद्रावर,” आई म्हणाली. “याच उनाळ्यात.”

मी तोंडातला खाजा तसाच गिळला. सगळ्या बायका आईकडे वळल्या.

“हो? कुठला समुद्र?”

“तिकडला. कोकनाच्या बाजूचा.” आणि मग आई जी सुरू झाली ती थांबेना. रेती कशी लांबच लांब. ऊन वर आलं की कसा पाय ठेववत नाही. संध्याकाळी सूर्य पाण्यात उतरतो तेव्हा पाणी कसं पितळेच्या परातीसारखं दिसते. टिटव्या कशा ओरडतात. तिथंच रेतीवर डांगरं कशी पिकतात. आणि रेतीत झरा खोदला की पाणी कसं गोड लागते.

“समुद्राकाठी? गोड पाणी?” साहेबीणबाईंनी भुवया उंचावल्या. “आमच्या पुरीला नाही हो असं काही.”

“तुमी खोदून पाह्यलं का?” आईनं विचारलं.

साहेबीणबाईंनी खोदलं नव्हतं. त्या खोदणाऱ्यांतल्या नव्हत्याच. त्यांनी पदर सावरला आणि कोकणाची बाजू वेगळी असेल बाई, असं म्हणून माघार घेतली. कोणीतरी माझ्या भावाला विचारलं की काय रे, समुद्र किती खोल होता, आणि त्यानं प्रामाणिकपणे गुडघ्याला हात लावून दाखवला. सगळ्या बायका हसल्या. लेकरू आहे, काठाशीच राहिलं असेल.

घरी येताना आई झपाझप पुढं चालत होती. क्वार्टरच्या दारात थांबून एवढंच म्हणाली, “बाबाले सांगू नोका.”

त्या दिवसापासून कॉलनीत आई समुद्र पाहिलेली बाई झाली. शेजारच्या काकूंनी तर तिला डोक्यावरच घेतलं. काकूंचं माहेर तुमसरचं, घर भाताच्या गिरणीला लागून. त्यांनी जन्मात कोंड्याच्या ढिगाऱ्यापलीकडे मोठं काही पाहिलं नव्हतं असं त्या स्वतःच सांगत. दुपारी भांडी आवरली की त्या आमच्या पायरीवर येऊन बसत. “वहिनी, सांगा नं वो, समुद्राचं.” आणि आई तांदूळ निवडत सांगायची. पाण्याचा वास, सकाळची गार रेती, नावा, पक्षी. खोटं तिनं एकच सांगितलं होतं, बाकी सगळं खरं होतं, त्यामुळे ती कधी अडखळत नसे.

अडचण वेगळीच झाली. आता तिला समुद्र पाहायचा आहे हे कोणासमोर म्हणायची सोय उरली नाही. पूर्वी निदान पायरीवर बसून हळहळता तरी यायचं, चार जणी तिच्यासोबत हळहळायच्या. आता ती ते फक्त चुलीपाशी, हळू आवाजात, बाबांचं ताट वाढताना म्हणायची. आणि बाबा विचारायचे, “समुद्रात का हाय?”

अशी दोनतीन वर्षं गेली. मग एके संध्याकाळी काकूंचे यजमान शिफ्ट संपवून आमच्याकडे आले. त्यांची एलटीसी मंजूर होत होती, दिवाळीच्या सुट्टीत पुरीला जायचं घाटत होतं. पण परका मुलूख, परकी भाषा, समुद्राची सवय नाही. काकूंनी हट्टच धरला होता की वहिनी सोबत असतील तर मी येते.

“तुमाले अनुभव हाय,” ते बाबांना म्हणाले. “तुमी जाऊन आले हाव. आपन दोनी घरचे मिळून जाऊ.”

बाबांनी आईकडे पाहिलं. आई चहाची कपबशी हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी पुस्तकात डोकं घातलं. 

“अनुभव तं हाय बा,” बाबा सावकाश म्हणाले. “पन दिवाळीत माया धान कापनीले येते. पाहू.”

ते गेले आणि बाबांनी दार लावलं. “कवा गेलतो व आपन समुद्रावर?”

“तुमी नेत नाही मनून मीच गेली,” आई म्हणाली. “बोलता बोलता.” आणि मग एकदम मोठ्यानं, “जा, सांगून द्या त्यायले का माई बायको लबाड हाय. मी नाही भेत.” ती भीत होती. कपबशी वाजत होती.

 बाबांना राग येईल अशी माझी अपेक्षा होती, पण रात्री जेवताना ते मधेच स्वतःशी हसले. बायको खोटं बोलली याचं त्यांना फारसं काही नव्हतं. आपण बायकापोरांना कोकणापर्यंत समुद्र दाखवून आणणारा माणूस आहोत, ही बातमी इतकी वर्षं कॉलनीत फिरत होती आणि ती त्यांच्या अंगाला बरोबर बसली होती. ती उतरवून ठेवायची त्यांची तयारी नव्हती. पुढच्याच रविवारी ते गावाला गेले आणि यंदाची कापणी तूच पाहून घे, असं काकांना सांगून आले. काकांना वाटलं, यांना काहीतरी मोठा आजार निघाला आहे. ते घाबरून तालुक्याच्या डॉक्टरकडे चौकशी करून आले.

निघण्याआधीचा महिना काकूंनी आईच्या सल्ल्यानं तयारी करण्यात घालवला. काय न्यायचं, काय नाही, लेकरांना कुठवर जाऊ द्यायचं. आई शांतपणे सगळ्याची उत्तरं देत होती. वाटी घ्या, म्हणाली. गोणपाट घ्या बसायला. दुपारी चप्पल घालूनच निघा. घरी आम्हा दोघा भावंडांना आणि बाबांना मात्र तिनं एकच सूचना दिली. समुद्र दिसला की तोंड वासायचं नाही.

भंडारा रोडवरून गाडी, मग बदलाबदली, मग पुन्हा गाडी. सगळ्या वाटेभर काकू खिडकीतून वाकून विचारत होत्या, आला का, आणि आई जाणकारासारखी मान हलवत होती, “आजून येळ हाय.” तिला काय ठाऊक किती वेळ आहे! पण बोलण्यात असा भरवसा होता की समोरच्या बाकावरचा एक परका माणूसही तिलाच विचारू लागला.

पुरीला पोचलो, सामान धर्मशाळेत टाकलं आणि चालत निघालो. एका गल्लीच्या टोकाशी घरं संपली आणि तो समोर आला.

काकू किंचाळल्या. मग हसल्या, मग मटकन रेतीत बसल्या आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागल्या. त्यांचे यजमान नुसतेच “अरे बापरे, अरे बापरे” करत होते. काकूंच्या पोरी पाण्याकडे पळाल्या. आणि आई उभी होती. पिशवी खांद्याला, पदर कमरेला खोचलेला, चेहरा बाजारात भाजीचा भाव ऐकणाऱ्या बाईसारखा कोरा. मी तिचा हात धरला. तिनं माझी बोटं दुखेपर्यंत आवळली.

“हो,” ती म्हणाली. “असाच रायते.”

घोटाळा केला तो बाबांनी. त्यांना दिलेली ताकीद ते गल्लीतच विसरले. पँट गुडघ्यापर्यंत वर करून ते सरळ लाटेत शिरले, लाटेनं त्यांना उलथं पाडलं, टोपी घेऊन गेली, नाकातोंडात पाणी गेलं, आणि ते उठले ते ओरडतच. “खारं हाय व! मी सांगत होतो नं, खारं हाय मनून!” इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा कधी पाहिला नाही. दुसरी लाट आली, तिच्याकडे त्यांनी दोन्ही हात पसरले.

“भाऊजी तं पह्यल्यांदाच पाहून राह्यले असं वाटते,” काकू डोळे पुसत म्हणाल्या.

“थ्यायले दरखेपी असंच होते,” आई म्हणाली. मग बाबांना हाक मारून, “आवो, लोकं पाहून राह्यले! इकडं या!” पण बाबा कुठले येतात. त्यांनी नंतर तासभर पाणी सोडलं नाही. धान, काका, फॅक्टरी, कशाकशाची त्यांना आठवण नव्हती.

मग काकूंनी वाटी काढली. झरा खोदायचा होता. आईनं नको नको म्हणेपर्यंत त्यांनी काठाशी खड्डा केला, पाणी आलं, उपसलं, पुन्हा आलं, आणि काकूंनी भक्तिभावानं एक घोट घेतला. मग लगेच थुंकला.

“इकडली बाजू खारी हाय,” आई म्हणाली. काकूंनी मान डोलावली. त्यांनी या बाईच्या शब्दावर इतका प्रवास केला होता, आता एका घोटासाठी त्या काय शंका घेणार?

दुपार उतरली. पोरं शिंपल्या वेचत होती, बाबा आणि काकूंचे यजमान पाण्यात एकमेकांचे हात धरून लाटांवर उड्या मारत होते, दोन फॅक्टरीवाले पुरुष. आई गोणपाटावर बसली होती आणि सकाळपासून ती समुद्र सोडून सगळीकडे लक्ष देत होती. चपला मोजत होती, पोरींच्या वेण्या घालत होती, चिवड्याचा डबा उघडत होती, लावत होती. पाण्याकडे पाहायची ते चोरून, एखाद्या क्षणापुरतं, आणि लगेच नजर काढून घ्यायची. मला तिचा राग येत होता आणि रडूही येत होतं. इतकी वर्षं जे मागितलं ते समोर पसरलेलं होतं आणि तिला त्याच्याकडे पाहायची चोरी.

काकू ओल्या लुगड्यानिशी येऊन तिच्याजवळ बसल्या. 

“वहिनी, हासू नोका मले. सकाळी मी कशी रडली, मले आता लाज वाटून राह्यली,” त्या म्हणाल्या. “खरं सांगा, तुमी पह्यल्यांदा पाह्यला तवा तुमाले कसं वाटलं होतं वो?”

आईनं चिवड्याचा डबा खाली ठेवला आणि मान वर करून समुद्राकडे पाहिलं. या वेळी नजर हलवली नाही.

“मले का,” ती म्हणाली आणि थांबली. “मले काई बोलताच आलं नाही, बाई. मोठा हाय मनून आयकलं होतं. पन इतका असंल असं कोनी सांगतलंच नव्हतं. असं वाटलं का आता कोनी मले इथून उठवू नये. घर नाही, दार नाही, काई नाही, नुसतं पाहत बसावं. मले तं लई रडू आलं होतं.”

शेवटचं वाक्य तिला पुरतं करता आलं नाही. तिचा आवाज फुटला, ओठ वाकडे झाले आणि ती रडायला लागली, पदर तोंडाशी न घेता, मोठ्यानं.

काकू तिला बिलगल्या आणि पाठीवरून हात फिरवू लागल्या. “असं होते वहिनी,” त्या समजुतीनं म्हणाल्या. “पह्यली येळ याद आली का असंच होते.”

आई रडता रडता हो हो म्हणत होती आणि डोळे पाण्यावरून काढत नव्हती.